केशरी पट्टीच्या नळ्या

बावीस वर्षं मी माश्यांचा स्वयंपाक केला. लोक माश्या हाकलतात, मी त्यांना रांधून घालत होते. घरात या गोष्टीची थट्टा झाली नाही असा आठवडा गेला नसेल. आमचे हे शिंपी. मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, “तुझ्या बाई पगार घेऊन माश्या मारतात आणि तू त्या पोसतेस. एकीचं काम दुसरी संपू देत नाही.” शेजारी नवीन कुणी राहायला आलं आणि त्यांनी माझ्या नोकरीबद्दल विचारलं, की हे सांगायचे, मोठ्या संस्थेचं स्वयंपाकघर सांभाळते. जेवायला कोण येतं ते गाळून टाकायचे.

या माश्या म्हणजे केळं जास्त पिकलं की त्याच्याभोवती घिरट्या घालणारी चिलटं. तिळाएवढी, लाल डोळ्यांची. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर बाईंची प्रयोगशाळा होती आणि तिला लागून माझं स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात खाणं थिजवणारी अगरची पूड विरघळवायची, मक्याचं पीठ गार पाण्यात कालवून गुठळी न होऊ देता सोडायचं, मग साखर, मग यीस्ट. रटरटून शिजलं की जरा निववायचं, बुरशी धरू नये म्हणून आंबट वासाचं एक औषध घालायचं आणि काचेच्या नळ्यांत दोन-दोन बोटं ओतायचं. थिजलं की वर कापसाचा बोळा. आठवड्याला दीड हजार नळ्या. त्याच नळीत माश्या खायच्या, अंडी घालायच्या आणि त्यांची पिल्लावळ त्याच खाण्यात वळवळत मोठी व्हायची.

बाईंना सगळे मॅडम म्हणत. मी पहिल्या दिवशी बाई म्हटलं आणि तेच राहिलं. त्या मला मावशी म्हणायच्या, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या असून. विशीत त्यांनी या माश्यांना हात घातला तो पासष्टीला काढला. मध्ये लग्न राहून गेलं की केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कामात वाघ. पण नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि त्यांच्या खोलीत तर तीस हजार होत्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, नळ्यांवर पट्ट्या आधी चिकटवायच्या, खाणं नंतर भरायचं. इतर ठिकाणी उलटं करतात, म्हणजे आधी भरतात आणि मग ज्याला जशी लागेल तशी तो पट्टी लावतो. पण ओल्या, गरम काचेवर पट्टी टिकत नाही, गळते, आणि मग कुणाच्या माश्या कुणाच्या नावावर जातात. बाईंचा एकदा वर्षभराचा प्रयोग असा वाया गेला होता. म्हणून आमच्याकडे कोरड्या नळ्या पट्टी लावूनच माझ्याकडे यायच्या. दुसरी गोष्ट त्या जाता जाता बोलल्या. “मावशी, स्वयंपाकघरात काय चालतं ते मला सांगत बसू नका. मला नळ्या वेळेवर हव्यात, बस्स.”

मी म्हटलं, बरं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की या दोन वाक्यांच्या फटीत एवढं सगळं घुसेल.

बाई वाईट नव्हत्या. दुपारी चहाला त्या स्वयंपाकघरात यायच्या, कारण प्रयोगशाळेत खायला-प्यायला बंदी. स्टुलावर बसून कधी खुशीत असल्या तर सांगायच्या. एकदा मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलंही. माशीच्या पोटात अंडी तयार करणाऱ्या बारीक नळ्या असतात. प्रत्येक नळीच्या टोकाला दोन-तीन पेशी बसलेल्या. त्या मूळपेशी.

“ही दुभंगते तेव्हा दोन होतात,” बाई म्हणाल्या. “एक जागेला चिकटून राहते, ती तशीच कोवळी राहते. दुसरी जरा सरकते, आणि सरकली की तिचं अंडं व्हायला लागतं.”

“म्हणजे आईजवळ राहिली ती लहान राहिली.”

“आई नाही, शेजारणी. शेजारच्या पेशी तिला धरून ठेवतात. शेजार सुटला की ती मूळपेशी राहत नाही.”

“आणि म्हातारपणी?”

“म्हातारपणी शेजारच ढिला पडतो. एकेक निसटते. जागा रिकामी होत जाते.” त्यांनी कप खाली ठेवला. “ती जागा रिकामी का होते, हे मला कळून घ्यायचंय. बाकी मला काही नको.”

आणि खरंच त्यांना बाकी काही नको होतं. एवढं मी त्यांच्याबद्दल छातीवर हात ठेवून सांगीन.

बाईंकडे एक वाण होतं, ज्यात माशीचा एक जनुक मोडलेला. त्याच्या नळ्यांना केशरी पट्टी. तुलनेसाठी साध्या, धडधाकट माश्या ठेवायच्या, त्यांना हिरवी. वापरलेल्या नळ्या धुवायला माझ्याकडेच यायच्या. हिरव्या नळ्या कशा, खाणं पोखरून पोखरून लोणी झालेलं, काचेवर वरपर्यंत रिकामे कोष चिकटलेले. भरल्या घरासारख्या. केशरी नळ्यांत मात्र खाणं जवळजवळ तसंच, कोष इकडे चार तिकडे दोन. ते पाहून मला घरचं आठवायचं. माझी धाकटी आठव्या महिन्यात झाली होती. तिला चार वर्षांची होईपर्यंत मी एकेक घास मोजून भरवला आहे. उरलेलं ताट मला बघवत नाही, मग ते कुणाचं का असेना.

म्हणून तिसऱ्या वर्षापासून मी एक केलं. आधी हिरव्या आणि बाकीच्या सगळ्या नळ्या भरायच्या. पातेल्यात शेवटचं उरलं, की त्यात एक वाटी यीस्ट कोमट पाण्यात कालवून जास्तीचं घालायचं, ढवळायचं, आणि त्याने केशरी नळ्या भरायच्या. रंग तोच, वास तोच. महिन्याभरात केशरी नळ्यांत कोष वाढले. मला फार बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला बंदी होती. आणि खरं तर त्यात सांगण्यासारखं काय आहे, हेही मला कळलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत बाईंचं नाव झालं. चाळीस दिवसांची माशी म्हणजे आपल्याकडची आजी. हिरव्या पट्टीच्या आज्यांमध्ये मूळपेशी निसटून जात होत्या, एक उरायची, कधी तीही नाही. केशरी पट्टीच्या आज्यांमध्ये मात्र दोन-दोन, तीन-तीन, ठिय्या मारून बसलेल्या. बाईंनी लिहिलं की तो जनुक मोडला की मूळपेशी जागा सोडत नाही. लांबलांबून पत्रं आली. परिषदांची बोलावणी आली. दारावर नवी पाटी लागली. स्वयंपाकघरातही मला नवं पातेलं मिळालं.

मग कुरळी आली. कुरळ्या पंखांच्या माश्या असतात, त्यांना प्रयोगशाळेत नुसतं ‘कुरळी’ म्हणतात. या मुलीचे केस तसेच, म्हणून पहिल्या दिवशीच तिचं बारसं झालं. पीएच.डी. करायला आली होती. सव्वीस वर्षांची, बोलायला भीड नाही, आणि हात असे की बघत राहावं. दोन चिमटे घेऊन थेंबभर पाण्यात माशीच्या पोटातून अंडाशय असा अलगद काढायची, जणू शेंगेतून दाणा. बाईसुद्धा एकदा मागे उभ्या राहून बघत होत्या.

बाईंनी तिला सांगितलं, आधी आपला जुना निकाल पुन्हा काढून दाखव, मग पुढचं काम देते. त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात सांडलेल्या अगरवर पाय घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. चार महिने घरी. बदली म्हणून दुसरी बाई आली, तिला मी फोनवर कृती सांगितली. ती जास्तीची वाटी सांगितली नाही. तो माझा आणि केशरी माश्यांचा घरगुती मामला, असं मनात होतं.

परत आले तेव्हा कुरळी स्वयंपाकघरात कोपऱ्यात स्टुलावर बसून रडत होती. तीनदा मोजूनही तिच्या केशरी आज्यांच्या मूळपेशी निसटलेल्याच होत्या. हिरव्यांपेक्षा जास्तच. “मी मॅडमना विचारलं, खाण्यात काही फरक पडला असेल का? तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. माझी वही घेतली आणि त्यात लाल पेनाने लिहिलं.” काय लिहिलं ते तिने सांगितलं नाही. नंतर मी पाहिलं. पानभर आडवं लिहिलेलं होतं: ‘मोजणी चूक. हात या कामाचे नाहीत.’ खाली सही आणि तारीख. तारीख घालण्याबद्दल बाई फार कडक होत्या. तारीख नसलेली नोंद ही नोंदच नव्हे, असं प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी ऐकायला लागायचं.

नंतर बाईंनी स्वतः तोच प्रयोग केला. मी परत आले होते, वाटीही परत आली होती. निकाल अगदी पहिल्यासारखा आला. कुरळीने आपलं टेबल पुसलं, सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं आणि गेली. जाताना मला म्हणाली, “मावशी, तुमचं खाणं चांगलं असतं हो. माझंच नशीब.”

मला तेव्हा काही कळलं नव्हतं, असं म्हणता आलं तर किती बरं झालं असतं. मनात पाल चुकचुकली होती. मी नव्हते तेव्हा चुकलं, मी आले तेव्हा बरोबर आलं, एवढा हिशेब न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण मी त्या पालीला गप्प बसवलं. हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि त्या वाटीत एवढी ताकद असेल असं मला मनापासून वाटतही नव्हतं. चौदा वर्षं मी हीच दोन कारणं आलटून पालटून वापरली.

यंदा बाई निवृत्त व्हायच्या होत्या. शेवटचा विद्यार्थी पदवी घेऊन गेला. फळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. केशरी वाण त्यांनी लांबच्या एका प्रयोगशाळेला आधीच पाठवलं होतं. तिथून पत्र आलं. बाई ते घेऊन चहाला आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर ताठलेली होती.

“तिथली एक मुलगी म्हणते, केशरी माश्यांत मूळपेशी टिकतच नाहीत. दीड वर्ष घालवलंय म्हणे. तिचे गुरू विचारतात, घोडं कुठं पेंड खातंय? मी कळवणार आहे की घोडं तिच्या हातात पेंड खातंय.” मग त्यांनी कागद-पेन पुढे ओढलं. “तरी ते म्हणतात खाण्याची कृती पाठवा. सांगा बरं, मावशी, अगदी जशीच्या तशी.”

मी सांगायला लागले. पाणी इतकं. अगर इतकं. मक्याचं पीठ, गार पाण्यात. साखर. यीस्ट. उकळी. निववणं. औषध. बाई भराभर लिहीत होत्या. औषधापाशी मी थांबले.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

घरी जाऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी मशीन थांबवलं, जे ते वीज गेल्याशिवाय थांबवत नाहीत. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” हे म्हणाले. “तीन महिन्यांनी बाई जातील, तूही जाशील. कशाला उकरतेस?” मग जरा वेळाने, “ती लांबची पोरगी तुझी कोण?” माझी कुणी नव्हती. तीच तर पंचाईत होती. कुरळीही माझी कुणी नव्हती.

त्याच आठवड्यात ह्यांना थकवा वाटतो म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. आम्ही रुग्णालयात खिडकीसमोर चिठ्ठी घेऊन बसलो. आमचा आकडा आला, हे आत गेले, आणि मी मागोमाग. पांढरा कोट घातलेली, पिकायला लागलेल्या कुरळ्या केसांची बाई खाली बघून सुई तयार करत होती. हे इंजेक्शनला लहान मुलासारखे घाबरतात. तिने दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, आणि हे डोळे मिटून “हळू हं” म्हणेपर्यंत नळी भरली होती.

“झालंसुद्धा?” ह्यांनी विचारलं.

“झालं, काका.” तिने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. “मावशी! पाय बरा आहे का तुमचा?”

चौदा वर्षांनी तिने माझा पाय विचारला. बारा वर्षं ती इथे होती. रक्त काढते, काचपट्टीवर पसरवते, पेशी मोजते. “यंत्र आहे, पण शंका आली की माझ्याकडे पाठवतात,” ती म्हणाली. “मला मोजायला आवडतं. लोकांना पटत नाही.” पुढच्या माणसाचा आकडा पुकारला गेला. आम्ही बाहेर आलो. दारातच ह्यांनी दंडावरचा कापूस दाबत सांगितलं, “जा, सांगून टाक तुझ्या बाईंना. या पोरीचे हात चांगले आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी चहा केला नाही. बाई आल्या, स्टुलावर बसल्या, कपासाठी हात पुढे केला, आणि मी उभ्या उभ्या सांगितलं. केशरीला एक वाटी जास्त.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं.

“किती?”

“एक वाटी. कोमट पाण्यात कालवून.”

“केव्हापासून?”

“तिसऱ्या वर्षापासून.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“तुमचा पाय मोडला होता तेव्हा?”

“तेव्हा नाही. बदलीच्या बाईला मी सांगितलं नव्हतं.”

बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. त्यात यंदाचंच वर्ष होतं, पण त्या चौदा वर्षांमागचे महिने मोजत होत्या हे मला दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही मला बुडवलंत, मावशी.”

आता माझाही स्वभाव काही गरीब नाही. “बुडवलं असेल, बाई. माझी चूक आहे, ती मी डोक्यावर घेते. पण त्या पोरीने तुम्हाला विचारलं होतं, खाण्यात फरक पडला का. दोन पावलांवर माझं दार होतं. तुम्ही येऊन मला एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तिला मी नाही बुडवलं.”

बाई उठून गेल्या. तीन दिवस चहाला आल्या नाहीत. मला वाटलं, आता नोकरीचे शेवटचे तीन महिने काही मला मिळत नाहीत. ती भीती खरी होती, लपवत नाही.

चौथ्या दिवशी त्या आल्या ते हातात दोन ट्रे घेऊन. सगळ्या नळ्या कोऱ्या, पट्टी एकीलाही नाही, नुसते आकडे. “अर्ध्यांत तुमची वाटी घाला, अर्ध्यांत नको. कुठल्या आकड्याला काय घातलं ते कागदावर लिहा आणि तो कागद तुमच्याजवळ ठेवा. चाळीस दिवस. काय चाललंय ते मला सांगू नका.” शेवटचं वाक्य बोलल्यावर त्यांना स्वतःलाच काहीतरी आठवलं असावं, कारण त्या पुढे म्हणाल्या, “या वेळी न सांगण्याला कारण आहे.”

केशरी माश्या आणि हिरव्या माश्या, दोन्ही त्या नळ्यांत गेल्या; कुठल्या आकड्यात कुठल्या, ते बाईंच्या वहीत. दर दोन दिवसांनी बाई स्वतः त्यांना त्याच आकड्यांच्या ताज्या नळ्यांत हलवत. कागद मी साखरेच्या डब्यात ठेवला. बाईंच्या डोळ्यांसमोर डबा होता, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. मला खात्री आहे, कारण मी झाकणावर कणभर पीठ ठेवलं होतं. माझाही कुणावर एवढा विश्वास नाही.

तिसाव्या दिवशी बाई म्हणाल्या, “कापणार कोण आणि मोजणार कोण?” त्यांनी हात टेबलावर ठेवले. दोन-तीन वर्षं ते थरथरत होते. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरायच्या आणि आम्ही दोघी ते न पाहिल्यासारखं करायचो. “हे हात आता या कामाचे नाहीत.” बोलून गेल्या आणि मग त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं.

“कुरळी आहे,” मी म्हटलं.

“ती येईल?”

“ते मला काय माहीत. मी नाही बोलावणार, तुम्ही बोलवा.”

मी त्यांच्याबरोबर गेले, पण लांब बाकावर बसले. बाईंनी खिडकीवर चिठ्ठी घेतली आणि पाऊण तास रांगेत थांबल्या. परिषदेत त्यांच्यासाठी माणसं थांबतात, असं मी ऐकलं होतं. आकडा आल्यावर त्या आत जाऊन खुर्चीवर बसल्या. पडदा अर्धा उघडा होता. कुरळीने खाली बघतच सांगितलं, “बाही वर करा.” आणि बाईंनी केली! मग कुरळीने मान वर केली. सुई हातात तशीच.

“रक्त काढायचं नाहीये,” बाई म्हणाल्या. “एक मोजणी आहे. माझ्याकडून होत नाही.”

“कसली?”

“तीच.”

बाहेरच्या माणसाने पुकारा व्हायची वाट बघून बघून आत डोकावलं. मग कुरळी म्हणाली, “रविवारी सुट्टी असते माझी. बाही खाली करा, मॅडम.”

रविवारी ती आली. स्वयंपाकघरात आधी आली, आणि मी तिला सगळं सांगितलं. माझं सांगून होईपर्यंत ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला वाटलं होतं की हसेल, ‘जाऊ द्या मावशी’ म्हणेल. ती तसं म्हणाली नाही. “माझ्या नळ्यांत का नाही घातलंत?” तिने विचारलं.

“मी घरी होते गं, पाय मोडून.”

“म्हणजे तुम्ही पडला नसतात तर माझा निकाल बरोबर आला असता.” तिने विचार केला. “म्हणजे चूक आला असता. आणि मी आज मॅडमच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर बसलेली असते.” ती माझ्याकडे बघत होती, रागाने की कशाने मला सांगता येणार नाही. मला माफ कर असं मी म्हटलं. तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हेही मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग ती आत गेली आणि चिमटे उचलले. चौदा वर्षांनी पहिली माशी हातातून निसटली, दुसरी फाटली. तिसरीपासून शेंगेतून दाणा. कापणं, रंगवणं, मोजणं, असे तीन रविवार गेले. बाई तिच्या मागे उभ्या राहत नसत. त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसत आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत. मी त्यांना कप अर्धाच भरून द्यायला लागले होते, म्हणजे सांडत नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी कुरळीने आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला. मी डब्यातून माझा कागद काढला. त्याला साखर चिकटली होती. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेल्या. वाटीवाल्या नळ्यांत केशरी असोत की हिरव्या, म्हाताऱ्या माश्यांच्या मूळपेशी बऱ्यापैकी जागेवर. बिनवाटीच्या नळ्यांत दोन्हीकडे जागा रिकाम्या. केशरीत जास्तच रिकाम्या, कुरळीने तेव्हा मोजलं होतं तसंच. मोडलेल्या जनुकाचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं. उलट त्याने नुकसानच होत होतं, आणि माझं यीस्ट ते झाकत होतं.

बाईंनी चष्मा काढला. “सतरा वर्षं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मला वाटलं होतं की त्या दिवशी मला हलकं वाटेल. मला त्यांची फार कीव आली. त्या माणसाला एकच गोष्ट कळून घ्यायची होती.

जरा वेळाने त्या उठल्या आणि पत्राचा कागद घेऊन बसल्या. आधी लांबच्या त्या मुलीला लिहिलं, तिच्या गुरूंना नाही, तिलाच. तुझी मोजणी बरोबर आहे, कारण सोबत जोडलं आहे. मग मासिकाला लिहिलं, की माझा निबंध मागे घ्या. तो मजकूर त्यांनी आम्हा दोघींना वाचून दाखवला. त्यात ‘स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्याची चूक’ असं काहीतरी असेल अशी माझी तयारी होती. तसं नव्हतं. ‘खाण्याबद्दल मी चौकशी केली नाही,’ असं होतं.

“मासिकात तुझं नाव घालते,” बाई कुरळीला म्हणाल्या. “ही मोजणी तुझी आहे. आणि मी... मी तेव्हा तुला...” पुढचे शब्द त्यांना येत नव्हते. आयुष्यात वापरलेच नव्हते तर येणार कुठून?

कुरळीने पर्स उचलली होती. ती खाली ठेवली. “माफी राहू द्या, मॅडम. माझी वही कुठंय?”

प्रयोगशाळेच्या वह्या कुणी घरी नेत नाही. त्या तिथेच राहतात, हा नियम. बाईंना शोधायला लागलं नाही. खोकी भरून झाली होती तरी ती वही त्यांच्या टेबलाच्या खणात वरच होती, म्हणजे या चाळीस दिवसांत कधीतरी त्यांनी ती काढली असणार. कुरळीने पान उलटत जाऊन ते लाल पान काढलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

बाईंनी पेन घेतलं. हात इतका थरथरत होता, की त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. लाल ओळींच्या खाली जागा कमी होती, तिथे वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘मोजणी बरोबर होती. चूक माझी.’ सही केली. सहीला फार वेळ लागला. मग पेन बंद करून त्यांनी वही परत केली.

कुरळीने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग वही तिने फिरवून बाईंसमोर ठेवली आणि सहीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“तारीख, मॅडम,” ती म्हणाली.